टाच अंगठ्याला लावून

देवावरचा माझा विश्वास नमस्कार घालता घालताच उडाला, असे सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही. पण झाले तसेच. रथसप्तमीला एकशे आठ सूर्यनमस्कार घालायचा आमच्या घरचा रिवाज. रेल्वेच्या नोकरीपायी साताऱ्याहून चेन्नईला आलो, अण्णा नगरात बिऱ्हाड थाटले, तमिळ मोडकेतोडके शिकलो, पण तो रिवाज काही सोडला नाही. वर्षभर रोज पंचवीस आणि त्या दिवशी एकशे आठ. चौपन्नाव्या वर्षीही एका दमात होतात, हे मी ओळख झाल्यावर पाच मिनिटांत समोरच्याला ऐकवत असे. त्यात भक्ती किती आणि फुशारकी किती, हे तेव्हा कुणी विचारले असते तर मला राग आला असता.

त्या वर्षी गच्चीवर मी शेजारी घड्याळ ठेवले होते. गेल्या वर्षीपेक्षा लवकर संपवायचे, असे मनाशी ठरवले होते. सूर्याला कसली घाई होती देव जाणे, पण मला होती. त्र्याऐंशीव्या नमस्काराला दोन्ही पाय उडी मारून मागे टाकले आणि उजव्या टाचेवर कुणीतरी मागून काठी हाणल्यासारखे वाटले. मी रागाने वळून पाहिले. मागे पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या चादरी होत्या, माणूस कुणीच नव्हता. उठायला गेलो तर पाऊल माझे ऐकेना. टाचेवरची जाड शीर तुटली होती.

शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर झाले, मग गुडघ्यापर्यंतचा जड बूट झाला. एप्रिल संपता संपता बूट निघाला आणि खरी परीक्षा सुरू झाली. फिजिओथेरपी देणारी डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची, तमिळ, बोलायला गोड पण कामात कडक. तिने व्यायाम दिले. जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायचा, रबरी पट्टा पावलाला अडकवून ताणायचा, ओट्याला धरून टाचा उचलायच्या. पाय दुखत असला तरी बाकीचे शरीर बसवून ठेवायचे नाही, खुर्चीत बसून हात, खांदे, पोट हलते ठेवायचे, असेही ती पुन्हा पुन्हा सांगे. मी आठवडाभर केले. मग माझे मलाच हसू येऊ लागले. नमस्कारांनी गच्ची दणाणून सोडणारा माणूस आता टॉवेल गोळा करतो! त्यातच एकदा न्हाणीघरात पाय जरासा घसरला. तपासणीत काही निघाले नाही, पण त्या दिवसापासून उजव्या पायावर भार द्यायला मन धजेना. काठी टेकत, सगळे अंग डावीकडे टाकून मी चालू लागलो आणि व्यायाम सोडून दिले. विचारले की म्हणायचो, आज सूज आहे, उद्या बघू.

जूनमध्ये डॉक्टरने माझी पोटरी मापली. मग हळू आवाजात म्हणाली, "पाय बरा आहे, सार. घाबरलेले तुम्ही आहात." पुढच्या काही आठवड्यांत या पायाला काम दिले नाही तर पोटरी अशीच वाळत जाईल आणि हे लंगडणे जन्माचे होईल, हेही तिने स्पष्ट सांगितले. मी मान डोलावली. घरी आल्यावर बायकोला सांगितले की आता पुन्हा तिकडे जायचे नाही, जे आहे ते आहे. देवघरापुढे बसणेही मी केव्हाच बंद केले होते. ज्याला नमस्कार घालताना मोडलो त्याच्याकडेच बरे होण्याची भीक मागायची, हे मला पटत नव्हते. रात्रंदिवस एकच विचार छळायचा. माझे काय चुकले होते?

बायकोने एक गोष्ट मात्र चालू ठेवली होती. आमच्या गल्लीच्या टोकाला अम्मनचे, म्हणजे देवीचे, देऊळ आहे. दर शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत ती मला रिक्षात घालून तिथे नेई. ती आत जाई, मी बाहेरच्या दगडी कट्ट्यावर चेहरा पाडून बसे. त्या शुक्रवारी तिने आत यायचा आग्रह धरला आणि माझा तोल गेला. मी म्हणालो की या देवांना द्यायला माझ्याकडे आता काही उरलेले नाही. ती चिडली नाही. "भांडायचं आहे ना? मग आत येऊन भांडा," एवढे म्हणून ती निघून गेली. मी तसाच कट्ट्यावर बसून राहिलो.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी मराठीत बोलले. पण ते मराठी आपल्याकडचे नव्हते. शब्द जुने आणि त्यांची चाल तमिळ. पाहिले तर ऐंशीच्या घरातल्या एक आजी, हिरवे सुती लुगडे, एका डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा आणि दुसऱ्या डोळ्यावर पांढुरकी साय. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, हे ऐकताक्षणी कळले. पिढ्यान् पिढ्या इकडे राहून या माणसांनी आपले मराठी जपले आहे. आजी म्हणाल्या, "सून आली नाही आज. मला एक प्रदक्षिणा घालाची आहे. हात द्या." मी काठी दाखवून सांगितले की मलाच चालवत नाही, दुसऱ्या कुणाला तरी विचारा. त्यांनी काठीकडे पाहिलेही नाही. "बाकी सगळे कामांत आहेत. तुम्ही उगेच बसलां आहां, म्हणून विचारलें." त्यांनी माझ्या दंडाला धरले, मी उठलो आणि काठी कट्ट्यालाच टेकलेली राहिली.

मला वाटले होते की प्रदक्षिणा म्हणजे आपल्यासारखी, चार मिनिटांचे काम. पण आजींनी ध्वजस्तंभापाशी हात जोडले, उजवे पाऊल पुढे टाकले आणि त्याची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला चिकटवली. मग डावे उचलून त्याची टाच उजव्या अंगठ्याला. मध्ये बोटभरही जागा नाही. तमिळमध्ये याला अडिप्रदक्षिणम म्हणतात, अडि म्हणजे पाऊल. पावलाला पाऊल जोडत सगळ्या देवळाला वेढा घालायचा. बायका नवसासाठी असे चालताना मी दुरून पाहिल्या होत्या आणि यांना वेळ बरा मिळतो, असे मनात म्हणालोही होतो. आता आजींचा हात माझ्या दंडावर होता आणि त्या माझ्या पावलांकडे बघत थांबल्या होत्या. "तुम्हीही तशीच टाका. नाहीतर माझी चाल चुकेल. मेल्ल, मेल्ल." मेल्ल म्हणजे सावकाश.

मी उजवे पाऊल ठेवले. आता डावे पुढे आणायचे, म्हणजे तेवढा क्षण सगळे अंग उजव्या पायावर. पाऊल उचलवेना. पण दंडावर आजींचा भार होता, मी डगमगलो असतो तर त्या पडल्या असत्या. डावे पाऊल पुढे आले. टाच अंगठ्याला लागली. मग पुन्हा उजवे. सवयीने मी मनात मोजू लागलो, एक, दोन, तीन. चाळीसच्या पुढे गेलो असेन, तेव्हा आजींनी विचारले, "ओठ कशास हलतात? नाम घेतां की मोजतां?" मी खरे ते सांगितले. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "मोजाचें माझ्यावर सोडा," म्हणाल्या.

मी मोजणे सोडले. तिथून पुढचे नीट सांगता येईल का, मला शंका वाटते. पायाखालचा दगड रात्रीचा गारवा धरून होता. कुठे सांडलेले कुंकू, कुठे पाकळी, कुठे मुंग्यांची रांग. इतक्या वर्षांत मी कधी कुठली जमीन एवढ्या जवळून पाहिली नव्हती. आतून घंटेचा आवाज यायचा, कापराचा वास यायचा, लोक आमच्या बाजूने भराभर पुढे जायचे आणि आम्ही दोघे मुंगीच्या वेगाने सरकत होतो. गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीपाशी आलो तेव्हा तिथे कुणीच नव्हते. त्या शांततेत एकाएकी माझ्या लक्षात आले की मी भीत नाही. केव्हापासून भीत नाही, तेही आठवेना. माझा हात भिंतीवर नव्हता. आजींनी मला सावरलेले नव्हते, त्यांचा भार माझ्यावर होता आणि तो सगळा माझा उजवा पाय प्रत्येक पावलाला निमूट पेलत होता. ज्या पायाला मी चार महिने मेला समजत होतो, तो जिवंत होता आणि दुसऱ्या माणसाला घेऊन चालत होता. माझे डोळे भरून आले. भिंतीच्या पलीकडे, दोन हातांवर, देवी होती. मी तिच्याशी भांडायला आलो होतो आणि मला एकही शब्द आठवत नव्हता. अंगावर आलेला तो काटा आज लिहितानाही तसाच येतो.

फेरी पुरी झाली तेव्हा बायको ध्वजस्तंभापाशी प्रसाद घेऊन उभी होती. आजींनी माझा दंड सोडला, "सरी, झालें," म्हणाल्या, सरी म्हणजे ठीक, आणि एका ओळखीच्या बाईबरोबर निघून गेल्या. मी नाव विचारायलाही विसरलो.

मंगळवारी मी आपण होऊन डॉक्टरकडे गेलो. तिने फरशीवर खडूने एक रेघ ओढली आणि त्यावर टाच अंगठ्याला लावून चालून दाखवायला सांगितले. तोल तपासायचा आणि वाढवायचा हाच व्यायाम असतो म्हणे. मी थक्क होऊन त्या रेघेकडे बघत राहिलो. मग चाललो, शेवटपर्यंत. तिने तीनदा चालायला लावले. मला हा व्यायाम महिनाभर तरी देता येणार नाही, असे तिने कागदावर लिहून ठेवले होते. कुठे शिकलात, म्हणून तिने विचारले. देवळात, म्हणालो. तिला मुळीच नवल वाटले नाही. तिची आजीही तसे चालायची.

त्यानंतर मी रोजचा व्यायाम चुकवला नाही. टॉवेल, पट्टा, ओटा, खुर्चीतले हात, सगळे केले. ज्या दिवशी खरोखर सूज यायची त्या दिवशी पाय उशीवर ठेवून फक्त हात आणि श्वासाचे करायचो, आणि त्यात कमीपणा वाटत नसे. सगळेच जमले असे नाही. कधी वैतागून पट्टा कोपऱ्यात भिरकावलाही. पण पाऊल पुढे टाकताना दंडावर कुणाचा तरी हात आहे, असे वाटे आणि मी पुन्हा उठे.

पुढचे तीन शुक्रवार मी त्या आजींना शोधत होतो. त्या कुठेच दिसल्या नाहीत. बायकोला एव्हाना खात्री पटली होती की ती प्रत्यक्ष अम्मनच आली होती, आणि खरे सांगायचे तर मीही वाद घालत नव्हतो. चौथ्या शुक्रवारी मात्र त्या सुनेचा हात धरून आल्या. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, म्हणून येणे चुकले होते. देवी काही मोतीबिंदू काढून घ्यायला जाणार नाही, तेव्हा हे माणूसच, असे मी बायकोच्या कानात म्हणालो आणि दोघेही हसलो.

मी वाकून नमस्कार केला. आजींच्या आधी सूनच बोलली. तिने माझ्या पावलांकडे पाहिले, काठी कुठे दिसते का ते पाहिले आणि चाचरत्या मराठीत विचारले, "तो पाय बरा झाला काय? आमच्या अम्मांनी सात शुक्रवार बोलले होते तुमच्यासाठी." मला अर्थच लागेना. मग तिने अर्धे तमिळमध्ये समजावले. सासूबाई कट्ट्यावर बसलेले एखादे माणूस हेरतात आणि त्याच्यासाठी सात शुक्रवार ही प्रदक्षिणा घालतात. कुणाला सांगत नाहीत. मेमध्ये त्यांनी मला रिक्षातून उतरताना पाहिले होते. सहा शुक्रवार सून बरोबर होती. सातव्याला तिला ताप आला, तेव्हा ज्याच्यासाठी नवस बोलला होता त्याचाच हात त्यांनी धरला.

म्हणजे मी कट्ट्यावर बसून देवाला शिव्या घालत होतो, तेव्हा आत एक अर्धी आंधळी म्हातारी बोटबोट सरकत माझ्यासाठी चालत होती. एक नाही, सहा शुक्रवार. कसेबसे विचारले की आजी, तुम्हाला माझे नावसुद्धा ठाऊक नव्हते, मग माझ्यासाठी का?

"नांव कशास पाहिजे?" त्या म्हणाल्या. "पाय दिसला न्हवे."

मी तिथेच ध्वजस्तंभाजवळ मटकन बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सुनेला घेऊन दर्शनाला गेल्या. त्यांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही घडलेच नव्हते.

तो चमत्कार होता की नाही, हे मी कुणाला पटवत बसत नाही. डॉक्टरचे कष्ट त्यात आहेत, शीर शिवणाऱ्या हातांचे कौशल्य आहे, बायकोचा धीर आहे. मला एवढेच कळले की आपण देवाकडे पाठ फिरवून बसलो तरी आपल्या नावाची पावले कुठेतरी पडत असतात, आणि ती कोण टाकते आहे हे आपल्याला ठाऊकही नसते. बरे होणे माझ्या जोरावर आहे असे समजत होतो तोवर मी जागचा हललो नाही. ते सोडले आणि चालू लागलो. त्या माउलीचे आणि तिला माझ्याकडे पाठवणाऱ्या त्या माउलीचे ऋण माझ्याने या जन्मी फिटायचे नाही.

हल्ली एक बाई शुक्रवारी कट्ट्यावर बसलेली दिसते. तिचा उजवा हात गळ्यात अडकवलेला असतो. मुलगी आत जाते, ती भिंतीकडे तोंड करून बसून राहते. तिची माझी ओळख नाही. आज तिच्यासाठीचा तिसरा शुक्रवार.