रानपाखरांच्या पिसांची उशी

ह्यांना घरघर लागली तेव्हा इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरीत गुडघाभर बर्फ होता. मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, रेडमंडला, त्याची फ्लाइट दोनदा कॅन्सल झालेली. गंगाजलाची कुपी उशाशी होती, पण तोंडात पाणी मुलानेच घालायचं, असं ह्यांनी मला चारदा बजावून ठेवलं होतं. जन्मभर इंजिनियर म्हणून मिरवले आणि शेवटी हा हट्ट.

शेजारची आयरिश म्हातारी सूप घेऊन आली. ह्यांच्या डोक्याखालची उशी तिनेच कधीतरी दिलेली, तिच्या नवऱ्याने मारलेल्या रानबदकांच्या पिसांची. ती बघून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "ही काढ आधी. आमच्या गावी मरणाऱ्याखाली रानपाखरांची पिसं ठेवत नाहीत. जीव जात नाही, नुसता तडफडतो."

डोंबलाचं जात नाही! चाळीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई मी. घरात पाखरू शिरलं की आता कोण जाणार म्हणून ही धास्तावायची, तेव्हा मी तिच्या तोंडावर हसायचे. पण त्या दिवशी मी विचारलं, "किती दिवस जात नाही?"

ती उशी ओढायला वाकली. मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला.

उशी राहिली. तेवढ्यावरही मी थांबले नाही. नर्सने दुखण्यावर ठेवलेले मॉर्फिनचे थेंब मी मुद्दाम चुकवायला लागले, का तर गुंगीत न राहता मुलगा आल्यावर ह्यांनी डोळे उघडून त्याला ओळखावं. दोन दिवस हे कण्हत होते. चादर मुठीत आवळायचे, सोडायचे. मी म्हणायचे, "थांबा हो, निघालाय तो." मला माझीच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा पोचला. ह्यांनी त्याला ओळखलं नाही. त्याने चमच्याने गंगाजल घातलं, ते अर्धं गालावरून ओघळलं. तासाभरात हे गेले. म्हातारी कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. मुलाने डोळे पुसत इंग्रजीत विचारलं, "बाबांना खूप त्रास झाला का?"

मीही इंग्रजीतच उत्तर दिलं, "नाही. शांत पडून होते."

म्हातारीची माळ थांबली. तिने उठून मुलाला जवळ घेतलं, कोट चढवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मुलगा अजून सगळ्यांना सांगतो, आई डॉक्टर होती म्हणून बाबांचे हाल झाले नाहीत.