ब्राझीलभाऊंचं 'काहून'

ब्राझीलभाऊंना नकाशावर ब्राझील दाखवता येत नसे. एकदा मी जगाचा नकाशाच त्यांच्या पुढ्यात ठेवला, तर बराच वेळ त्यांनी आफ्रिकेभोवती बोट फिरवलं आणि म्हणाले, "असंन इथंच कुठं. आपल्याले थोडीच जायचं आहे." पण तिथला एक नट रडण्याआधी नाकाने श्वास घेतो की तोंडाने, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो नाकाने घेई.

नागपूरला धरमपेठेत आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. मुंबईची एक कंपनी परदेशी मालिका घेई आणि आम्ही त्यांना मराठी बोलायला लावत असू. संवाद मी लिहीत असे. एका ब्राझिलियन नटाला आवाज कायम भाऊंचा, म्हणून ते ब्राझीलभाऊ. नटाचं नाव काही त्यांच्या जिभेवर चढलं नाही. ते त्याला 'आपला माणूस' म्हणत. आपला माणूस यंदा न्यायाधीश झाला, आपल्या माणसाने दुसरं लग्न केलं, असं ते चहाच्या टपरीवर सांगत आणि ऐकणारे कुणा सोयऱ्याची गोष्ट समजून पुढची चौकशी करत.

त्याआधी तीस वर्षं भाऊ बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत. उमरेडची गाडी सुटली हे त्यांच्या आवाजात ऐकलं, की गाडी चुकलेल्यालाही फारसं वाईट वाटत नसे. नोकरी संपली, सवय संपली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी नायिकेला "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे दोनदा सांगितलं. मी काचेमागून हात केला. "दोनदा सांगावंच लागते, ताई," ते म्हणाले. "पहिल्यांदा कोणी आयकत नाही." मी एकदाच ठेवलं. चौथ्या भागात नायिका त्याला सोडून गेली, तेव्हा भाऊ माझ्याकडे बघून नुसते हसले.

कंपनी मालिका मिळतील तशा उचलायची, त्यामुळे आपल्या माणसाची कारकीर्द नागपुरात उलटी चालली. आधी तो म्हातारपणी प्रेमात पडलेला आजोबा होऊन आला, मग न्यायाधीश, मग कॉफीच्या मळ्याचा मालक. दर खेपेला त्याचे केस काळे होत गेले आणि भाऊंचे होते तेही गेले. सर्वांत शेवटी त्याचा अगदी पहिला सिनेमा यायचा होता. त्यात तो पंचविशीतला ट्रक ड्रायव्हर होता. भाऊंचा सगळा जीव त्या सिनेमात अडकला होता. "म्हातारा केला, अधेड केला," ते म्हणत. "आता एक डाव त्याले जवान करतो, अन् मंग बसतो घरी."

भाऊंच्या बायकोला, काकूंना, हे प्रकरण मुळीच पसंत नव्हतं. "घरी तीन शब्दांच्या वर बोलत नाही वं हे," त्या मला सांगत, "अन् तिकडे त्या गोऱ्या बाईसाठी गळा काढून राहिले." एकही भाग मात्र त्यांनी चुकवला नाही.

घोटाळा झाला तो कॉफीच्या मळ्यात. मालकाची मुलगी घर सोडून जाते. तो तिच्या रिकाम्या खोलीत उभा राहतो आणि भिंतीकडे बघून एकच शब्द विचारतो. ओठ दोनदा हलतात. मी 'का?' लिहिलं होतं. तो ओठांना पुरेना. लांबवला, तर कावळा ओरडल्यासारखा वाटे. 'कशासाठी' मावेना. 'का बरं' बसलं, पण ते शाळामास्तर गृहपाठाबद्दल विचारतात तसं. पाचव्या खेपेला भाऊंनी नाकाने श्वास घेतला आणि म्हणाले, "काहून?"

शब्द ओठांवर चपखल पडला, की आमच्यात 'बसला' म्हणतात. हा असा बसला की रेकॉर्डिंग करणारा मुलगा थांबवायचं बटण दाबायला विसरला. त्या नटाने मुळात हाच शब्द उच्चारला असणार, अशी माझी खात्री पटली.

कंपनीची पटली नाही. 'पात्र ब्राझीलचे आहे, नागपूरचे नाही. प्रमाण मराठी वापरावे, अन्यथा आवाज बदलावा लागेल,' असं कळवलं. भाऊंनी दोनदा वाचलं. "ब्राझीलचा आहे म्हणते," ते म्हणाले. "मंग तो पुण्याचा आहे का?"

मी हसले आणि तरीही त्यांना समजावत बसले. एका शब्दापायी सिनेमा जाईल, भाऊ. एवढं ऐका. आज हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. तीस वर्षं वरून आलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलेला माणूस तो, ऐकलं त्यांनी. माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "का?" उमरेडची गाडी का लागली नाही, इतपत.

पंधरा दिवसांनी कंपनीचा निर्णय आला. भाषा आता शुद्ध आहे, परंतु भावना कमी पडते. आवाज बदलला. मालिका सगळी मुंबईत नव्याने झाली आणि सिनेमाही तिकडेच गेला.

भाऊंनी तो सिनेमा घरी पाहिला. मी भीतभीत फोन केला. "पोरगा चांगला बोलते," ते म्हणाले. "पण मधात श्वासच नाही घेऊन राहिला. दमंन ना आपला माणूस." एवढंच. मी माफी मागायला सुरुवात केली, तर त्यांनी माझ्या घरच्या संत्र्यांच्या बागेची चौकशी केली.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. आपला माणूस तिकडे अजून खणखणीत आहे आणि आपला नागपूरचा आवाज गेला हे त्याला कुणी कळवलेलं नाही.

महिन्याभराने मी काकूंकडे गेले तेव्हा टीव्हीवर तीच मालिका लागली होती, नव्या आवाजात. मळ्याचा मालक रिकाम्या खोलीत आला. मला उठून जावंसं वाटलं. त्याने नाकाने श्वास घेतला, भिंतीकडे पाहिलं. "का?" नवा आवाज म्हणाला आणि संपला. ओठ मात्र आणखी एकदा हलणार होते.

काकू पडद्याकडेच बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "काहून?"

शब्द बसला.