सावळे सरांची सही

सावळे सरांना ‘सेम’ हा शब्द चालत नसे. सिंगापुरात तोआ पायोहमधल्या आमच्या ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, आमच्यातल्या पहिल्याने चिकन राइस मागितला की मागचे तिघे नुसतं “सेम” म्हणत. सावळे सर मात्र आपली ऑर्डर पहिल्यापासून सांगत: भात, चिकन, काकडी जास्त, चटणी वेगळी. एकदा मी म्हटलं, “सर, सगळ्यांनी तेच तर मागवलंय.” ते म्हणाले, “त्यांनी काकडी कुठं सांगितली जी?”

ते चंद्रपूरकडचे, वनस्पतिशास्त्राचे डॉक्टर. मी पुण्याची प्रोग्रामर. दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. सुमात्रातल्या खेड्यांमधले शिक्षक तिथल्या रानाबद्दल, पाण्याबद्दल, हवेबद्दल इंडोनेशियन भाषेत नोंदी पाठवत. आमच्या सिस्टीमने त्यांचा अर्थ ओळखून सिंगापूरच्या शाळांना आणि दवाखान्यांना इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळमध्ये सूचना द्यायची, असं काम होतं. त्यासाठी प्रत्येक भाषेतला शब्द एका संकल्पनेशी जोडायचा. जोडण्या मी करायच्या, सरांनी तपासून सही करायची.

ती सही सहजासहजी मिळत नसे. दोन बेटांवरच्या एका झाडाचं नाव एकच, म्हणून मी ती नावं जोडली, तर सरांनी दोन्हीकडची पानं मागवली. महिन्याने पानं आली. झाडं वेगळी निघाली. “नाव जुळलं म्हणून झाड जुळते काय?” एवढंच म्हणून त्यांनी पानं वहीत ठेवून दिली. मला त्यांचा राग येई. तो त्यांच्या लक्षात येत नसे, किंवा येत असावा.

सिस्टीम सुरू व्हायला तीन आठवडे होते. चाचणीत एका खेड्यातली नोंद आली: “दाट काबुत.” मी शब्दकोशावरून काबुत धुक्याला जोडला होता आणि सरांनी त्यावर सहीही केली होती. सिस्टीमने चारही भाषांत शुद्ध सूचना तयार केली: धुके आहे, वाहने सावकाश चालवा. मला ती फार आवडली. सरांनी नोंदीची तारीख आणि वेळ पाहिली. मग म्हणाले, “उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता धुकं?”

त्यांनी नोंद पाठवणाऱ्या शिक्षिकेला फोन लावला. सरांचं मलय बाजारापुरतं होतं, पण मलय आणि इंडोनेशियन जवळच्या भाषा, तिला ते समजलं. तिने सांगितलं, रान जळतं तेव्हा ‘काबुत आसाप’ म्हणतात, म्हणजे धुराचं धुकं. पण त्या दिवसांत दुसरं धुकं असतंच कुठे? म्हणून गावात नुसतं काबुत म्हणतात. फोन ठेवून सर म्हणाले, “धुकं पानावर बसते, धूर छातीत बसते. आपण दोन्ही एका खोलीत ठेवले.” असे आणखी किती शब्द असतील, ते गावोगावी विचारल्याशिवाय शेवटची सही करणार नाही, असं त्यांनी कळवलं.

आमचा मॅनेजर डेसमंड वाईट माणूस नव्हता. त्याने तारीख देऊन ठेवली होती. मीटिंगमध्ये तो सिंगापुरी ‘ला’ लावून म्हणाला, “एकच शब्द आहे, ला.”

“हो,” सर म्हणाले. “त्या एका शब्दावर शाळा मुलांना धुरात मैदानावर काढेल.”

“चूक कुणाची?”

“माझी,” सर म्हणाले.

मी वहीत बघत राहिले. बाहेर आल्यावर म्हटलं, “सर, जोडणी माझी होती. मी सांगते.”

“तुम्हाला काढलं तर दुरुस्ती कोण करेल? मला प्रोग्राम लिहिता येत नाही जी.”

मी सांगितलं नाही. माझी मुलगी आर्या तिसरीत होती आणि आमचा इथं राहण्याचा परवाना, एम्प्लॉयमेंट पास, माझ्या नोकरीवर होता. सुरुवात दोन महिने पुढे गेली. सर रोज फोनवर शिक्षकांना शब्द विचारत, मी जोडण्या तोडत आणि नव्याने करत होते. शेवटची सही झाली त्या आठवड्यात त्यांचं कंत्राट संपलं. ते पुन्हा केलं गेलं नाही. निरोपाला केक होता. सरांनी त्यात अंडं आहे का विचारलं, आहे म्हटल्यावर दोन तुकडे घेतले.

पुढच्या पावसाळ्याआधी सुमात्रात रान पेटलं. धूर सिंगापूरला यायच्या आदल्या दिवशी शाळांना आमची सूचना गेली: मुलांना आत ठेवा. यिशुनच्या शाळेतून आर्या घरी आली ती खेळाचा तास बंद म्हणून चिडून. “आई, नो पीई ला. होल वीक. सो बोरिंग.”

दुसऱ्या दिवशी मी डेसमंडला खरं सांगितलं. तो म्हणाला, “माहीत आहे. प्रत्येक जोडणीपुढे करणाऱ्याचं नाव असतं. तो कॉलम तूच बनवलास.” मग म्हणाला, “सावळेंनी तुला कामावर ठेवायला सांगितलं होतं.”

संध्याकाळी मी चंद्रपूरला फोन लावला. म्हटलं, “सर, तुम्ही माझी चूक अंगावर का घेतलीत?”

“कुठं घेतली? जोडणी तुमची होती, तपासणी माझी. मी माझंच सांगितलं.” मग म्हणाले, “तिकडं धूर आहे म्हणे. आर्याला खोकला नाही ना?”

मी नाही म्हटलं. आमच्या खिडक्या कालपासून बंद होत्या.