हुल्डा मॉर्टेन्सनचा अर्धा रकाना

कॉटर्स बेंड हे गाव नदीच्या वळणावर वसलं, म्हणून त्याला हे नाव पडलं. पुढे एका पुरात नदीनं वाट बदलली आणि ते वळण तीन मैल दक्षिणेला सरकलं. नाव तेवढं राहिलं. बाहेरचं कुणी विचारलं की गावातले लोक म्हणायचे, "नदी गेली. तिला कोण अडवणार?" तेवढ्यावर विषय संपायचा.

मी १९३४ साली शाळेत शिकवायला इथं आले तेव्हा गावात तीनशे दहा माणसं, तीन चर्चेस आणि एक बंद पडलेली बँक होती. डॅनिश घरं लूथरन चर्चला जायची, चेक घरं कॅथलिकांच्या आणि उरलेली मेथडिस्टांच्या. रविवारी तीन वाटांनी पांगलेली ही माणसं सोमवारी रेल्वेच्या कडेला त्याच एका धान्याच्या कोठारापुढं गाड्या लावून उभी असायची. तेव्हा नेब्रास्कात सगळीकडेच धूळ होती. बोलणं वाऱ्यापासून सुरू व्हायचं. कुणाचं मूल आजारी असलं तरी माणूस आधी दहा मिनिटं वाऱ्याबद्दल बोलायचा आणि मग टोपी डोक्यावर चढवून दारातून निघता निघता म्हणायचा, "पोरीचा ताप उतरत नाही."

मला राहायला जागा मिळाली ती हुल्डा मॉर्टेन्सनच्या घरात, वरच्या मजल्यावर. तिचा नवरा नील्स कोठारावर कामाला होता आणि एकुलता एक मुलगा आर्विड रेल्वेच्या रुळांवर मजुरी करायचा. हुल्डा उंच, रुंद मनगटांची बाई. भाकरीचं पीठ मळावं तसं ती सगळंच जोर लावून करायची, बोलणं सोडून. बोलायची हळू.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, साप्ताहिकात प्रत्येक गावाला थोडी थोडी जागा असायची. कॉटर्स बेंडला अर्धा रकाना होता आणि तो १९१९ पासून हुल्डा लिहायची. 'रविवारी लार्सन कुटुंब ख्रिस्तेनसेन यांच्याकडे जेवायला होतं.' 'श्री. होलुब यांनी गोठ्याला रंग दिला.' असं. दर मंगळवारच्या गाडीनं तिचं पाकीट काउंटीच्या गावी संपादक पिट्स यांच्याकडे जायचं आणि गुरुवारी छापून यायचं. गावातल्या बातम्या गावाला आधीच ठाऊक असायच्या. लोक गुरुवारी पेपर उघडायचे ते हुल्डानं त्यातलं काय सोडलं हे बघायला.

बातमी मिळवायची तिची रीत साधी होती. स्वयंपाकघराच्या भिंतीवर टेलिफोन होता आणि एकाच तारेवर आठ घरं. घंटी कुणाच्याही घरची वाजो, हुल्डा हलकेच फोन उचलून कानाला लावायची. हे सगळ्यांना माहीत होतं. बोलता बोलता कुणीतरी म्हणायचं, "हुल्डा, हे लिहू नकोस हं." आणि तारेवरून तिचा आवाज यायचा, "नाही लिहीत."

ती भांडणं लिहायची नाही, दारू लिहायची नाही. लग्नानंतर सहा महिन्यांत कुणाला मूल झालं तर ती बाळाचं वजन लिहायची, तारीख लिहायची नाही.

१९३६ च्या सप्टेंबरात, भर दुपारी, इनेझ व्होलेक पवनचक्क्या विकणाऱ्या एका माणसाच्या मोटारीत बसून गाव सोडून गेली. तिचा नवरा जो व्होलेक गावचा लोहार. कोलोरॅडोकडच्या या बायकोला त्यानं लग्न करून आणलं तेव्हाच लोक म्हणाले होते, ही इथं रुळायची नाही. तिची नऊ वर्षांची मुलगी लिब्बी त्या वेळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर भागाकार करत होती. मला खिडकीतून धुरळा दिसला. तो कुणाच्या गाडीचा ते संध्याकाळी कळलं.

पुढच्या सोमवारी हुल्डा टेबलाशी लिहीत बसली होती. कॉफी घ्यायला गेले तेव्हा मी कागदावर वाचलं: 'मिसेस जोसेफ व्होलेक आपल्या बहिणीला भेटायला प्वेब्लोला गेल्या आहेत.'

"अहो, पण सगळ्या गावानं बघितलंय," मी म्हणाले.

"मग त्यांना वाचायला कशाला हवं?" ती म्हणाली. "इनेझची बहीण प्वेब्लोला आहे. ते खोटं नाही."

गुरुवारी जो व्होलेक पेपर हातात चुरगाळून आला. दारातच उभा राहिला. अंगाला कोळशाचा वास.

"मिसेस मॉर्टेन्सन, हे काय छापलंत? माझी बायको पळाली. पळाली म्हणून लिहा."

"आत ये जो. कॉफी घे."

"मला नको तुमची कॉफी. लोक हसतायत माझ्यावर."

"कोण हसतंय? नाव सांग."

हसत कुणीच नव्हतं. जोनं चुरगाळलेला पेपर गुडघ्यावर नीट केला आणि खिशात घातला. "लिब्बीला वाचून दाखवतो," म्हणाला आणि गेला.

आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत एका मुलीनं लिब्बीला चिडवलं, "तुझी आई पळाली, पळाली!" लिब्बीनं रुमालात ठेवलेलं कात्रण काढून तिच्या नाकासमोर धरलं. "वाच. वाचता येतं ना?" त्या मुलीनं वाचलं आणि कात्रण परत दिलं. छापलेलं होतं.

पुढं वर्षातून एकदा-दोनदा हुल्डा लिहीत राहिली. 'मिसेस व्होलेक यांचा प्वेब्लोतला मुक्काम वाढला आहे.' गावानंही ते उचललं. दुकानात लोक विचारायचे, "काय जो, इनेझ अजून बहिणीकडेच?" आणि जो म्हणायचा, "हो, बहिणीला बरं नसतं." तो हे इतक्या सहज म्हणायला लागला की मला कधी कधी वाटायचं, त्याला आता तसंच वाटतंय.

इनेझ १९४३ च्या एप्रिलमध्ये परत आली. दुपारच्या गाडीतून एकटी उतरली, हातात एक पेटी. वाळली होती, दोन दात पडले होते. तो पवनचक्कीवाला तिला दीड वर्षात सोडून गेला होता. त्यानंतर पाच वर्षं ती प्वेब्लोला खरोखरच बहिणीकडे राहिली आणि एका धुलाईघरात चादरी इस्त्री करत होती.

स्टेशनपासून लोहारशाळेपर्यंत तिला सात-आठ माणसं भेटली. सगळ्यांनी एकच विचारलं, "कसा झाला प्रवास?" ती म्हणाली, "धूळ फार होती." गुरुवारी हुल्डानं एक ओळ छापली: 'मिसेस जोसेफ व्होलेक सोमवारी घरी परतल्या.' जोनं तिला मागची खोली दिली. जूनपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही. जूनमध्ये धुराडं तुंबलं, तेव्हा बोलला.

लिब्बी मात्र सोळा वर्षांची झाली होती आणि तिला 'कसा झाला प्रवास' म्हणता येत नव्हतं. एका शनिवारी ती आमच्या स्वयंपाकघरात आली. हुल्डा बीटाचं लोणचं बरण्यांत भरत होती.

"मिसेस मॉर्टेन्सन, माझी आई पळून गेली हे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग असं का लिहिलंत?"

"तुला शाळेत मान वर करून जाता यावं म्हणून."

"गेले की मी. सात वर्षं गेले. लोक विचारायचे, आई कधी येणार? मी तारखा बनवून सांगायचे. नाताळला येईल, ईस्टरला येईल. तुमच्या त्या ओळीमुळे मला एक दिवस धड रडता आलं नाही. आई गेलीच नव्हती ना! पाहुणी गेली होती!"

हुल्डाचे हात कोपरापर्यंत लाल होते. ती म्हणाली, "एक बरणी घेऊन जा बापाला."

"नको," म्हणून लिब्बी निघून गेली. वर्षभरानं ती ओमाहाच्या विमान कारखान्यात कामाला लागली. हुल्डानं तेही छापलं. लवकरच परत येईल असं ती अशा वेळी नेहमी जोडायची, ते या वेळी जोडलं नाही.

त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, स्टेशनमास्तर तार घेऊन आमच्या दारात आला. आर्विड तेव्हा इटलीत लढाईवर होता. नील्स कामावरून यायचा होता. हुल्डानं तार वाचली, घडी केली आणि स्टेशनमास्तरला विचारलं, "सही कुठं करायची?"

त्या आठवड्याचं पाकीटही तिनं वेळेवर पाठवलं. आत शेवटून दुसरी बातमी अशी होती: 'श्री. व सौ. नील्स मॉर्टेन्सन यांना शुक्रवारी तार आली. त्यांचा मुलगा आर्विड इटलीहून परत येणार नाही.' तिच्याखाली लार्सनांच्या नव्या कुंपणाची बातमी होती. संपादक पिट्सनं फोन केला.

"हुल्डा, मी हे पहिल्या पानावर घेतो. फोटो पाठव त्याचा."

"जिथं लिहिलंय तिथंच राहू दे."

"अगं, पण..."

"पिट्स, तिथंच राहू दे."

तारेवरच्या बाकी सात घरांत तेव्हा कुणी श्वाससुद्धा घेतला नसेल.

शेजारी येत राहिले. टेबलावर झाकलेली भांडी जमली, राय धान्याचे पाव, चेक बायकांनी आणलेले कोलाचे, म्हणजे आलुबुखारा भरलेले गोड पाव. सगळे दंवाबद्दल बोलायचे. हुल्डा सगळ्यांना कॉफी द्यायची आणि कुणी फारच गप्प बसलं तर स्वतःच म्हणायची, "आर्विड काही यायचा नाही आता." जणू त्याची गाडी चुकली होती. हे नऊ दिवस चाललं.

दहाव्या दिवशी सकाळी इनेझ व्होलेक आली. रिकाम्या हातानं. या गावात मयताच्या घरी रिकाम्या हातानं कुणी येत नाही. ती खुर्ची ओढून बसली. हुल्डा ओट्याशी पीठ मळत होती.

"दंव पडलं ना रात्री," हुल्डा म्हणाली.

"हुल्डा, तो मेला."

हुल्डा मळत राहिली. "कॉफी घेशील ना?"

"नको. तुझा मुलगा मेला. आर्विड मेला. म्हण तसं."

"माझ्या घरात येऊन मला..."

"हो, तुझ्याच घरात. मी सात वर्षं पाहुणी गेले होते, आठवतंय? परत आले तर एक माणूस मला शिवी देईना. थुंकेना माझ्यावर. मी वाट बघत होते गं कुणीतरी थुंकेल म्हणून! तू चांगल्यासाठी केलंस, मला कळतं. पण मला माझ्या मुलीची माफीसुद्धा मागता येत नाही, कारण मी काही केलंच नाही ना! आता स्वतःला तसं करू नकोस. म्हण."

मी जिन्यावर उभी होते. वर जावं की खाली, मला कळेना. हुल्डानं पिठाचा गोळा दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर आपटला, पुन्हा उचलून आपटला, आणि म्हणाली, "मेला. माझा आर्विड मेला." मग ती जमिनीवर बसली आणि ओरडून रडली. इतका मोठा आवाज त्या घरात मी दहा वर्षांत ऐकला नव्हता. इनेझ तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली. तिनं तिला जवळ घेतलं नाही. बऱ्याच वेळानं इनेझनं उठून हात धुतले आणि उरलेलं पीठ मळून भट्टीत घातलं.

त्या मंगळवारी पाकीट गेलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. पिट्सनं त्या जागी बियाण्याची जाहिरात टाकली. पुढच्या गुरुवारी रकाना आला तो असा सुरू झाला: 'आर्विड नील्स मॉर्टेन्सन, वय अठ्ठावीस, इटलीत लढताना मारला गेला. मागच्या वेळी हे नीट लिहिलं नव्हतं.'

त्यानंतर ती काही वेगळीच लेखिका झाली असं नाही. गोठ्यांचे रंग आणि रविवारची जेवणं चालूच राहिली. पण अधूनमधून एखादं सरळ वाक्य यायला लागलं आणि त्या गुरुवारी गावात थोडी शांतता असायची. १९५१ साली लिब्बी नवऱ्याला घेऊन एका दुपारपुरती आली. मायलेकी ओसरीवर बसल्या होत्या. काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, कारण ओसरीवर टेलिफोन नव्हता. निघताना लिब्बी हुल्डाकडे आली.

"काय लिहू?" हुल्डानं विचारलं.

"लिहा, भांडायला आले होते."

"भांडलीस?"

"थोडी."

पेपरात आलं: 'लिब्बी आईला भेटायला ओमाहाहून आली होती. चार तास होती. थोडी भांडली.' लिब्बीनं त्याचं कात्रण मागवून घेतलं, असं इनेझ सांगायची. त्यानंतर ती दर उन्हाळ्यात यायला लागली, आणि जो व्होलेक गेला तेव्हा पंधरा दिवस राहिली.

मोठा रस्ता झाला तो गावापासून पाच मैल उत्तरेनं. मग प्रवासी गाडी थांबेनाशी झाली. १९५७ साली शाळेचे वरचे वर्ग बंद झाले आणि मुलं बसनं काउंटीच्या गावी जायला लागली. हुल्डानं लिहिलं, 'हे बरं झालं नाही.' पिट्सनं ते वाक्य कापलं नाही.

ती १९५९ च्या मार्चमध्ये गेली, झोपेत. नील्स तिच्या आधी दोन वर्षं गेला होता. तिच्याबद्दलचा मजकूर मी लिहिला, आणि पिट्स म्हणाला की रकाना आता तुम्हीच चालवा. मी आठ महिने चालवला. पण तोवर प्रत्येक घराला टेलिफोनची स्वतंत्र तार मिळाली होती आणि माझ्याकडे येऊन कुणी काही सांगायचं नाही. सांगितलंच तर वाऱ्याबद्दल. मी तेच लिहायचे. मग पिट्सनं पेपर विकला आणि नव्या मालकानं गावांचे रकाने बंद केले.

इनेझ अजून आहे. तिला ऐकू कमी येतं. गावात आता नव्वद माणसं उरली आहेत. त्यांतल्या कुणाचं कुणाकडे येणंजाणं आहे हे विचारायचं असेल तर लोक तिच्याकडे जातात. ती मोठ्यानं सांगते, समोरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि कुणाचं काही लपवत नाही.