वहिनीची राखाडी लादी

गेल्या महिन्यात एका दुपारी जेवण झाल्यावर वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली आणि बसल्या जागी गेली. डॉक्टर येऊन, बघून, खाली उतरले तेव्हा शेजारच्या सावंतकाकू म्हणाल्या, "दिलीप, आता तिला खाली घे." माणूस गेलं की जमिनीवर घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. काकूंच्या मुलाला हाताशी घेऊन मी तिला खाली ठेवलं. मानेखालून हात काढताना माझी बोटं लादीला टेकली. गार, किंचित खरखरीत, राखाडी. रडू येण्याच्या आधी मनात आलं ते एवढंच, की निदान लादी तरी तिच्या मनासारखी आहे... हे तेव्हा कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगण्यासारखं नाही म्हणून मी आयुष्यात बरंच काही गिळलंय. हे मात्र लिहून टाकतो.

वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, मालवणजवळच्या एका गावातून लग्न होऊन आमच्या विक्रोळीच्या चाळीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि मी नऊ. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, दादा कंपनीत पाळीवर. नवऱ्याबरोबर एक नऊ वर्षांचा दीरही पदरात पडला, त्याबद्दल तिनं कधी हूं की चूं केलं नाही. माझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तिचीच सही असायची. बाई विचारायच्या, "ही कोण तुझी?" मी म्हणायचो, "वहिनी." बाई म्हणायच्या, "आईला पाठव." शेवटी एकदा ती स्वतःच शाळेत गेली आणि बाईंना म्हणाली, "जी येते ती मीच. आता बोला." मी लग्न केलं नाही. दादा गेला, पुढे त्यांची मुलगीही नोकरीला परदेशी गेली, आणि आम्ही दोघंच उरलो, ती आणि मी.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आम्ही तीन वर्षं मुलुंडला भाड्यानं राहिलो. त्याच काळात तिची मुलगी, माझी पुतणी मधुरा, नोकरीसाठी स्टॉकहोमला गेली आणि वहिनी तिच्याकडे ऐन हिवाळ्यात तीन महिने राहून आली. मला वाटलं होतं, थंडीच्या आणि जेवणाच्या तक्रारी ऐकाव्या लागणार. पण ती आली ती एका खोलीबद्दल बोलत. मधुराच्या बैठकीच्या खोलीबद्दल. "काय खोली रे दिलीप! पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक झाड, कोपऱ्यात बुटका दिवा, खाली राखाडी लादी. खोलीत काही नाही आणि काही कमी पण नाही." मग म्हणाली, "एवढ्या लांब गेले आणि खाली बघितलं तर आपली शहाबादी! मधुरा म्हणते ही तिकडची फॅशन. म्हटलं, मेल्यांनो, मी चाळीत अडतीस वर्षं तुमची फॅशन पुसलेय."

बिल्डरनं प्रत्येक घराला एक फॉर्म दिला होता. हॉलच्या लादीसाठी दोन पर्याय, चकचकीत आयव्हरी किंवा राखाडी मॅट. मी कमिटीचा सेक्रेटरी, सगळे फॉर्म माझ्याकडेच जमा व्हायचे. वहिनीनं राखाडीसमोर पेन्सिलीनं खूण केली, खाली सही केली आणि म्हणाली, "पक्कं तू पेनानं कर." मी ती खूण खोडरबरानं पुसली आणि पेनानं आयव्हरीसमोर केली. तिला सांगितलं, बिल्डरनं राखाडी बंद केली. ती "बरं" म्हणाली.

का केलं? मला लाज वाटायची. कॉलेजातला एक मित्र एकदा आमच्या खोलीवर आला होता. आत येताच त्यानं चपला काढल्या, खालची भेगाळलेली शहाबादी बघितली आणि पुन्हा पायात घातल्या. टॉवरमधल्या घरात पाय ठेवताना खाली पुन्हा तोच रंग दिसू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घर तिचं होतं, निवड तिची होती, आणि तीस वर्षांपूर्वीच्या एका पोराच्या चपलांसाठी मी ती खोडली.

ताबा मिळाल्यावर चौथ्या मजल्यावरच्या एका घरी वास्तुशांत होती. वहिनी जेवून आली आणि दारातच म्हणाली, "दिलीप, त्यांच्याकडे राखाडी कशी रे?" मी म्हटलं, त्यांनी नंतर बदलून घेतली असेल. पहिलं खोटं एक वेळ घाईतलं म्हणता येईल. हे दुसरं मी तिच्या डोळ्यांत बघून बोललो.

तिनं त्या आयव्हरीवरच आपली खोली जमवली. हलकी लाकडी खुर्ची आणली, दिवाणावर पांढरी चादर, बाल्कनीतली मनीप्लँट आत, ट्यूबलाइट काढून कोपऱ्यात एक दिवा. शोकेस तर केलीच नाही. नातेवाईक येऊन विचारायचे, "सामान यायचंय का अजून?" ती म्हणायची, "आलंय सगळं. तुम्ही बसा, म्हणजे भरेल." फक्त दुपारी ऊन आलं की लादी आरशासारखी चमकायची आणि ती खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची. चार वर्षं मी ते बघितलं. रोज.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकत चाललंय असं डॉक्टरांनी सांगितलं. एका दुपारी ती तशीच भिंतीकडे तोंड करून बसलेली असताना मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं बोललो. पेन्सिल, खोडरबर, तो मित्र, सगळं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या लादीवर मी तुला वाढवला. तापानं फणफणलास की उघड्या लादीवर गाल टेकून झोपायचास, उठवलं तर रडायचास. आणि तुला तिची लाज?" मी म्हटलं, "वहिनी, मला माफ कर." ती रागावली की मालवणीवर यायची. म्हणाली, "माका माफी नको. लादी घाल."

मिस्त्री आला. म्हणाला, "मावशी, उखडायचं कशाला? लादीवर लादी चिकटवतो. दोन दिवसांत मोकळे. धूळ नाही, आवाज नाही." मला पटलं. तिच्या तब्येतीला तेच बरं होतं. पण ती म्हणाली, "वरून नको. ही काढा, मग ती लावा." मी समजावलं, "वहिनी, त्रास होईल गं तुला." "तुला होईल," ती म्हणाली, "गोणी तू उतरवणारेस." ती आठवडाभर सावंतकाकूंकडे राहिली. चौपन्नाव्या वर्षी मी आयव्हरीचे तुकडे गोण्यांत भरून खाली नेत होतो आणि ती काकूंच्या दारातून ओरडत होती, "दिलीपराव, कंबर सांभाळा!" सोसायटीतले विचारायचे, चांगली लादी का काढली? मी म्हणायचो, हौस. हे वाचून त्यांना आता कळेल.

नव्या लादीवर ती पाच महिने राहिली. पहिल्या दिवशी सपाता दाराबाहेर काढून, भिंतीला हात न लावता, खोलीभर हळूहळू चालली. "झकास," एवढंच म्हणाली. मग खुर्ची खिडकीकडे फिरवायला सांगितली. त्या पाच महिन्यांत ती तो विषय एकदाही बोलली नाही, टोमण्यातसुद्धा नाही. मी मात्र आत येताना रोज खाली बघायचो आणि हलकं वाटायचं. माफी मिळाली असती तर मी ती घेऊन आपल्या खोलीत गेलो असतो. तिनं मला काम दिलं. नऊ वर्षांच्या पोराला तिनं असंच मोठं केलं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि मधुरा आणि मी हॉलमध्ये उरलो. ती हातानं लादी चाचपत होती. म्हणाली, "काका, माझ्याकडच्यापेक्षा छान झालीय. आई फोनवर किती खूश होती! म्हणाली, दिलीपनं हौसेनं घातली बघ माझ्यासाठी."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. एवढंच. का?"

तिला तसंच परत जाऊ देता आलं असतं. वहिनीनं माझ्यासाठी तेवढी सोय करून ठेवली होती... मी मधुरासमोर खालीच बसलो, मांडी घातली.

"तुझ्या आईनं तुला अर्धंच सांगितलंय," मी म्हटलं. "उरलेलं माझ्याकडून ऐक."