लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर दुभाषी

पुण्याहून जीप निघाली तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसलो होतो. मागे दोन पाहुणे : एस्टोनियाच्या आइनोबाई आणि ब्वेनोस आयरेसचे मोइशेराव. नात्याने विहीण-व्याही. बाईंची मुलगी मारिका आणि मोइशेरावांचा मुलगा पुण्यात नोकरीला होते. ही गोष्ट १९९८ची. मोइशेरावांना हे लग्न पसंत नव्हतं, आणि विहीणबाईंशी त्यांची ही पहिलीच भेट. मुलगा तापाने आडवा, मारिका त्याच्या उशाशी. म्हणून पाहुण्यांना लेण्याद्री दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

बाई एस्टोनियन आणि रशियन बोलायच्या, मोइशेराव यिडिश आणि स्पॅनिश. मी जर्मनचा मास्तर. यिडिश ही जर्मनच्याच कुळातली, फक्त हिब्रू लिपीत उजवीकडून डावीकडे लिहितात. ती मला येणारच, असं मीच ठरवलं होतं. एस्टोनियन मात्र फिनिशची बहीण, जर्मनशी काही नातं नाही. तिच्यासाठी मारिकाने चाळीस शब्दांची यादी दिली होती. तेवढ्यावर मी स्वतःला दुभाषी म्हणवून घेत होतो.

मंचरला जीपमध्येच चहा झाला. बाई म्हणाल्या, "आइतेह" (आभार). मी लगेच यिडिश केलं, "अ दांक." मोइशेराव खिडकीबाहेर बघत राहिले.

लेण्याद्रीच्या पायऱ्या उन्हात तापल्या होत्या. अर्ध्या वाटेवर बाई थांबल्या नि म्हणाल्या, "मुल ऑन हाल्ब." यादी उघडायची गरजच काय? जर्मनमध्ये 'हाल्ब' म्हणजे अर्धा. मी मोइशेरावांना सांगितलं, "हाल्ब वेग! अर्धी वाट झाली म्हणतायत."

"गुट, कुमट!" (ठीक, चला!) म्हणत ते पुढे झाले. बाई कशाबशा दहा पायऱ्या चढल्या आणि मटकन खाली बसल्या. 'मुल ऑन हाल्ब' म्हणजे 'मला बरं वाटत नाहीये', हे मला मारिकाने संध्याकाळी सांगितलं.

बाई पुटपुटल्या, "वेत्त." मी यादीत बोट फिरवू लागलो. वेत्त कुठेच नव्हतं. पाण्याला तिथे 'वेसी' लिहिलेलं. आपलं 'पाणी' जसं 'पाण्याला' होतं, तसे त्यांच्या भाषेत चौदा विभक्त्यांत शब्द बदलतात, हे मी वर्गात सांगत असे. 'वेत्त' हे त्या 'वेसी'चंच रूप, हे तिथे सुचलं नाही.

"आवो भाऊ, कागुद काय वाचताय?" काकड्या विकणारी बाई ओरडली. "बाईंचं तोंड बघा, पार पांढरं पडलंय! पानी पाजा आदी." तिने स्वतःच्या कळशीतलं तांब्याभर पाणी दिलं, मीठ लावलेली काकडी बाईंच्या हातात ठेवली.

मोइशेराव धावत खाली आले, हॅट काढून वारा घालू लागले. स्वतःच्या डोक्याला बोट लावून त्यांनी विचारलं, "कोप?"

"पेआ," बाईंनी आपलं डोकं धरलं.

"पेआ," मोइशेरावांनी म्हणून पाहिलं. मग तांब्याकडे बोट : "वासर." बाईंनी म्हटलं, "वासर." त्यांना मध्ये कुणी नको होतं. मी एक काकडी विकत घेतली आणि खात उभा राहिलो. लेणी राहून गेली. मोइशेरावांनी बाईंना हात धरून एकेक पायरी उतरवलं.

घरी पोचल्यावर दोघांचं असं जमलेलं बघून मारिका चकित. "काय बोललात तुम्ही यांच्याशी?" क्षणभर श्रेय घ्यायचा मोह झाला, पण खरं तेच सांगितलं. इतकी वर्षं मी आधी शब्द शोधत आलो, त्या काकडीवालीने आधी माणूस बघितलं. बोलताना माझी मान खालीच होती.

आइनोबाईंनी माझा हात हातात घेतला आणि बरंच काही बोलल्या. मारिका हसू दाबत म्हणाली, "आई म्हणते, परवा ते दोघं ओझरला जाणार आहेत. जीप तीच हवी. तुम्ही आराम करा."