सातवीच्या उंचीची सीट

माझी शाळेतली सायकल माहेरच्या जिन्याखालून बाहेर काढली. टायर-ट्यूब नवे घातले, चेनला तेल दिलं, ब्रेक आवळले. सीट मात्र जागची हलेना. तिचा दांडा गंजून माझ्या सातवीतल्या उंचीवरच अडकून बसलाय. रॉकेल सोडलं, हातोडी मारली, पान्ह्याने स्वतःचीच बोटं सोलून घेतली. शेवटी वैतागून तशीच बसले. गुडघे हँडलला आपटायला लागले.

आई फाटकाशी उभी होती. म्हणाली, "हळू गं. कोपऱ्यावरून परत फिर, पुढे मोठा रस्ता आहे."

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. त्याच रस्त्याने कार चालवत मी इथे येते. पण माणसं आपल्याला कुठल्यातरी एका वर्षी मापून घेतात आणि नट आवळून टाकतात. मग आपण कितीही वाढलो तरी गुडघे आपटत राहायचं.

आज मोठ्या रस्त्यावर जायचंच, म्हणून रागारागाने पेडल मारत निघाले. कोपरा आला. समोरचा रस्ता चक्क रिकामा होता. मागे वळून पाहिलं, तर आईही आत गेली होती.

तरी माझ्या हातांनी हँडल घराकडे वळवलं.